कालवा किती रुंद, किती खोल? नीरा खोऱ्यातला एक जुना हिशोब

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. पण ज्यांचं रान कालव्यावर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

यंदाच्या उन्हाळी आवर्तनात आमच्या चारीच्या टेलला पाणी आलं ते पाळी संपायला दोन दिवस उरले असताना. त्या दिवशी मी चारीवर उभा होतो. शेजारी तात्या होते. तात्या म्हणजे आमच्या भावकीतले, आयुष्यभर पाटकरी म्हणून राबलेले. त्यांनी हातातली काठी पाण्यात उभी घातली, बाहेर काढली, ओल कुठपर्यंत आली ते बघितलं आणि म्हणाले, "लेका, पाणी वरून कमी सोडलेलं नाही. पाटाचं पोट गेलंय."

मी वीस वर्षं बातम्या लिहितोय. 'टेलच्या शेतकऱ्यांवर अन्याय' ही बातमी किती वेळा लिहिली याची मोजदाद नाही. पण 'पाटाचं पोट' म्हणजे नक्की काय, हे कधी समजून घेतलं नव्हतं. पत्रकारितेच्या पदविकेत हे शिकवत नाहीत. म्हणून गेले दोन महिने जमेल तेवढं वाचलं, दोन निवृत्त इंजिनिअरांना पिडलं. जे कळलं ते इथे मांडतोय.

आधी एक सोपं गणित

समजा, एका कालव्यात पाण्याला जागा सहा चौरस मीटर आहे. म्हणजे कालवा आडवा कापला तर पाण्याचा जो तुकडा दिसेल, त्याचं क्षेत्रफळ सहा. इंजिनिअर याला काटछेद म्हणतात. आता हे सहा कसेही करता येतात. बारा मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल. किंवा सहा मीटर रुंद आणि एक मीटर खोल. किंवा साधारण साडेतीन मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर खोल. जागा तीच, मग पाणीही तेवढंच जाणार, असं आपल्याला वाटतं.

तसं होत नाही. चार किलोमीटरला एक मीटर ढाळ धरला आणि मातीचा बरा राखलेला कालवा धरला, तर पहिल्यातून साधारण 80 क्युसेक जातात, दुसऱ्यातून 110 आणि तिसऱ्यातून 122. कारण पाणी तळाला आणि काठाला घासत जातं. जितकी घासण्याची कड लांब, तितका वेग कमी. पहिल्या कालव्यात पाणी तेरा मीटर कडेला घासतं, तिसऱ्यात सातच्या आत.

मग सगळ्यात कमी घासणारा आकार कोणता? अर्धगोल. आपली कढई. पण जमिनीत मैलोन्मैल कढई खोदत कोण बसणार? म्हणून त्याच्या जवळचा सरळ रेषांचा आकार घेतात: खाली तळ, दोन बाजूंना तिरके काठ. षटकोन मधोमध कापला की जो अर्धा भाग मिळतो, तो यातला उत्तम. पुस्तकात एवढ्यावर गोष्ट संपते. रानात इथून सुरू होते.

पॅरिस, आयर्लंड आणि दोन दुष्काळ

हे घासण्याचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते अंत्वान शेझी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने, अठराव्या शतकात. पॅरिसला यव्हेत नदीचं पाणी आणायचं होतं आणि त्यासाठी कालवा केवढा खणावा, हा साधा व्यवहारी प्रश्न होता. त्याने सूत्र काढलं, पण ते कागदात पडून राहिलं आणि जगाला त्याची नीट ओळख व्हायला बराच काळ गेला. सरकारी फायलींचं नशीब सगळीकडे सारखंच म्हणायचं.

आज आपल्याकडे कुठल्याही कालव्याचं डिझाईन ज्या सूत्राने होतं, ते रॉबर्ट मॅनिंग या आयरिश माणसाचं. याने इंजिनिअरिंगचं रीतसर शिक्षण घेतलेलंच नव्हतं. आधी हिशेबनीस होता. 1846 साली, आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजून मोठा दुष्काळ पडला होता तेव्हा, तो तिथल्या सरकारी बांधकाम खात्यात नद्या-नाल्यांचा निचरा करणाऱ्या विभागात लागला आणि काम करत करत शिकला. त्याने आपलं सूत्र मांडलं ते 1889 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर.

आणि आपला नीरा डावा कालवा? तोही दुष्काळाचंच लेकरू. 1876-77 च्या भीषण दुष्काळात दख्खन होरपळली. त्यानंतर सरकारला जाग आली आणि नीरेच्या पाण्याची योजना पुढे सरकली. 1885 मध्ये कालवा वाहू लागला, वर भाटघरचं धरण झालं. पुरंदर, बारामती, इंदापूर असा दीडशे किलोमीटरच्या आसपास तो डोंगरउताराच्या कडेकडेने येतो. साल बघा: 1885. मॅनिंगचं सूत्र चार वर्षांनी आलं. म्हणजे आपला कालवा खणणाऱ्यांच्या हातात ते सूत्र नव्हतं. जुन्या सूत्रांवर, इतर कालव्यांच्या अनुभवावर आणि हाताला लागलेल्या मातीच्या अंदाजावर त्यांनी हे काम केलं.

गंगेने शिकवलेला धडा

त्यांच्यासमोर एक मोठं उदाहरण मात्र होतं. उत्तरेत गंगा कालवा 1854 साली सुरू झाला. कॉटली नावाच्या अधिकाऱ्याचं ते आयुष्यभराचं काम. याच कालव्यासाठी माणसं तयार करायला 1847 मध्ये रुरकीला इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, तेच आजचं रुरकी आयआयटी. पण कालवा सुरू झाल्यावर कळलं की काही ठिकाणी ढाळ जास्त झालाय. पाणी जोरात धावू लागलं आणि तळ खरवडू लागलं. पुलांच्या पायाशी खड्डे पडले. दक्षिणेत गोदावरी-कृष्णेवर नाव कमावलेल्या आर्थर कॉटनने कॉटलीवर जाहीर टीका केली. दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी कालव्यात बदल करून पाण्याचा वेग आवरावा लागला.

धडा काय? पाणी जास्तीत जास्त वेगाने नेणं म्हणजे चांगला कालवा नव्हे. वेग जास्त झाला तर तळ उखडतो. कमी झाला तर गाळ बसतो. मधला वेग सापडला पाहिजे.

तो शोधला पंजाबात केनेडी नावाच्या इंजिनिअरने. त्याने सूत्र डोक्यातून काढलं नाही. बारी दोआब कालव्याचे जे तुकडे वर्षानुवर्षे ना खरवडले होते ना गाळाने भरले होते, ते त्याने मोजले. किती खोलीला किती वेग आहे, हे बघितलं आणि 1895 मध्ये मांडलं. पुढे 1930 मध्ये लेसीने आणखी पुढचं सांगितलं: गाळाच्या मातीतला कालवा स्वतःच आपली रुंदी ठरवतो. पाणी चौपट केलंत, तर तो रुंदीला दुप्पट होऊ बघतो. तुम्ही अरुंद खणलात तर काठ खाईल, रुंद खणलात तर गाळ टाकून स्वतःला आवळून घेईल.

तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग एवढं वाचायला कशाला पायजे? पाटाला ऐकायचं असतंय."

पण आपली माती वेगळी

पंजाबचं गणित जसंच्या तसं दख्खनला लागू होत नाही. तिथे नदीचं गढूळ पाणी थेट कालव्यात येतं. आपल्याकडे बरंचसं पाणी धरणात थांबून निवळून येतं, त्यामुळे गाळाचा प्रश्न त्या मानाने कमी. आपला प्रश्न तळाचा आहे. एका मैलात मुरूम, पुढच्यात काळी माती, त्याच्यापुढे खडक. मुरमात पाणी झिरपतं. खडकात सुरुंग लावावे लागतात. काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते.

इथेच पुस्तकातला 'उत्तम' आकार हरतो. अर्ध्या षटकोनाचे काठ साठ अंशांचे, म्हणजे बरेच उभे असतात. आपली माती तशी उभी राहत नाही, ढासळते. म्हणून काठ दीडास एक ठेवतात: एक फूट उंचीला दीड फूट आडवं. काळ्या मातीत त्याहूनही सपाट. काठ सपाट केले की वर रुंदी वाढली, म्हणजे जमीन जास्त संपादित करावी लागली. सूत्राला मात्र कालवा अरुंद आणि खोल हवा असतो. पण खोल गेलं की खडक लागतो आणि खोदाईचा दर चढतो. उलट कालवा फार वर घेतला तर भराव वाढतो, आणि भराव म्हणजे फुटण्याची भीती. जाणता इंजिनिअर अशी खोली शोधतो की जेवढी माती खोदून निघेल तेवढीच दोन्ही बाजूंच्या भरावाला लागेल. बाहेरून आणायला नको, टाकायला जागा शोधायला नको.

म्हणजे 'स्वस्त' हा शब्द एवढा सोपा नाही. पाणी कमी घासावं, माती कमी हलवावी, जमीन कमी जावी, काठ ढासळू नयेत, तळ खरवडू नये, पाणी झिरपू नये, या सगळ्यांचा तो समझोता आहे. यातली एकच बाजू धरून बसलात तर दुसरीकडून वसुली होतेच.

नीरेने वसूल केलेली किंमत

नीरेने ती केली. मातीचा कालवा, आजूबाजूला ऊस, पाण्याचा सढळ वापर. खालच्या अंगाच्या जमिनीत पाणी साठू लागलं. जमिनी चोपण झाल्या, वर पांढरे क्षार दिसू लागले. आमच्याकडे आजही 'त्या पट्ट्यात काही उगवत नाही' असं ज्या रानांबद्दल म्हणतात, त्यातल्या काहींची गोष्ट शंभर वर्षांची आहे.

यावर दोन माणसांनी काम केलं, ती आपण विसरलोय. एक मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. तेव्हा ते मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते. पुण्याच्याच कॉलेजातून इंजिनिअर झालेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नीरेवर 'ब्लॉक' पद्धत आणली: ठरवून दिलेल्या गटाला ठरवून दिलेलं पाणी, त्यातल्या ठरावीक हिश्श्यातच ऊस, बाकी हंगामी पिकं. हेतू असा की थोड्यांनी बुडवून घेण्याऐवजी जास्त गावांना ओल मिळावी. खडकवासल्याचे त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे सगळ्यांना माहीत आहेत. नीरेवरचा हा हिशोब फार जणांना माहीत नाही.

दुसरे क्लॉड इंग्लिस. 1916 मध्ये पुण्यात सिंचनासाठी जो खास विभाग सुरू झाला, त्याचे ते कर्ते. त्यातूनच पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल संशोधन संस्था उभी राहिली. इंग्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या कालव्यांवरच्या पाणथळ आणि क्षारपड जमिनींचा अभ्यास केला, चर खणून निचऱ्याचे प्रयोग केले. कालव्यात वाहतं पाणी मोजायचं सिमेंटचं ते अरुंद बांधकाम, ज्यातून पाणी घसरून पुढे उसळी मारतं, ज्याला आपले कर्मचारी 'एसडब्ल्यूएफ' म्हणतात, त्याच्यामागेही इंग्लिसच आहेत. लहानपणी आम्ही तिथे चपला सोडायचो आणि उसळीत कशा गरगरतात ते बघायचो. ते पाण्याचं मापटं आहे, हे कळायला पंचेचाळिशी यावी लागली.

आता अस्तरीकरणाची भांडणं

हा सगळा इतिहास आत्ता का सांगतोय? कारण अस्तरीकरणाचा विषय निघाला की गावात दोन तट पडतात. मागच्या वर्षी अशाच एका बैठकीला मी वही घेऊन बसलो होतो. कालव्यालगतचे म्हणत होते, काँक्रीट टाकलंत तर आमच्या विहिरी आटतील. टेलचे म्हणत होते, तुमच्या विहिरीत जातंय ते आमच्या हक्काचं पाणी आहे. दोघांचा आवाज चढला. शेवटी पाणी बाजूलाच राहिलं आणि कोण कुणाचा पाहुणा, यावर गाडी गेली.

खरं सांगायचं तर दोघंही खोटं बोलत नव्हते. झिरपलेलं पाणी सगळं वाया जात नाही, विहिरींना मिळतं. पण तेच जास्त झिरपलं की खालची जमीन चोपण होते, आणि टेलला तर ते पोचतच नाही. म्हणजे तट दोन नाहीत, तीन आहेत: विहीरवाला, टेलवाला आणि ज्याचं रान पांढरं पडलं तो. तिसरा बैठकीला येत नाही, कारण त्याने नाद सोडलेला असतो.

अस्तरीकरणाचा फायदा फक्त झिरपा थांबण्यात नाही. मघाच्या सहा बाय एकच्या मातीच्या कालव्यातून 110 क्युसेक जातात. त्यालाच गुळगुळीत काँक्रीट केलं तर 153 च्या घरात जातात. खोदाई वाढवली नाही, ढाळ वाढवला नाही, फक्त घासणं कमी केलं. आणि उलटं? त्याच मातीच्या कालव्यात गवत, झुडपं, पाणकणीस माजलं तर तेच पाणी 80 वर येतं. तळाला गाळ बसला तर आणखी कमी. तात्यांचं 'पोट गेलंय' ते हेच.

काँक्रीट म्हणजे कायमचा इलाज, असंही समजू नका. काळ्या मातीवर थेट टाकलेलं काँक्रीट माती फुगली की फुटतं. कर्नाटकात मलप्रभा कालव्यावर हा त्रास झाला, तेव्हा मुंबई आयआयटीचे प्राध्यापक कट्टी यांनी दाखवून दिलं की न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा पुरेसा जाड थर मध्ये दिला तर अस्तर टिकतं. हा थर खर्चात धरला नाही तर काम कागदावर स्वस्त दिसतं आणि चार-दोन पावसाळ्यांत भेगा पडतात. मग फुटलेल्या काँक्रीटमधून गवत उगवतं आणि पैसे जाऊनही कालवा मातीच्याच लायकीचा राहतो.

आणि भराव विसरू नका. 27 सप्टेंबर 2018 ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि वस्त्यांत पाणी घुसलं. तेव्हा उंदीर-घुशी-खेकड्यांवरून बरेच विनोद झाले. कारण काहीही असो, ज्यांच्या घरात चिखल शिरला ते हसले नाहीत. गाळाने तळ वर आला की तेवढंच पाणी न्यायला पातळी वर घ्यावी लागते. काठावर जी मोकळी उंची सुरक्षेसाठी सोडलेली असते, ती खाल्ली जाते. हा धोका प्रत्येक जुन्या कालव्यावर आहे.

मी काय केलं

माहिती अधिकारात आमच्या चारीचा मूळ काटछेद मागितला. चकरा झाल्या, पण मिळाला. मग पाळी संपल्यावर तात्या, मी आणि दोन पोरं टेप घेऊन उतरलो. कागदावर पाण्याची खोली तीन फूट. आम्ही पाच ठिकाणी मोजलं. सगळ्यात बऱ्या ठिकाणी पावणेतीन होती, सगळ्यात वाईट ठिकाणी सव्वादोनसुद्धा भरेना. दोन ठिकाणी काठ फोडून पाइप टाकलेले आणि तिथली ढासळलेली माती तळात पडलेली. यात माझ्या चुलतभावाचाही एक पाइप निघाला. तोही लिहितोय, नाहीतर तुम्ही म्हणाल पत्रकार घरचं झाकतो. (त्याने दुसऱ्या दिवशी काढला. आठ दिवस बोलला नाही, आता बोलतो.)

मोजमापाचा तक्ता करून संबंधित कार्यालयात दिला. या वेळी 'अन्याय' हा शब्द अर्जात एकदाही लिहिला नाही. फक्त आकडे लिहिले. साहेबांनी पहिल्यांदाच बसायला खुर्ची दिली. काम होईल की नाही माहीत नाही, पण आकड्याला उत्तर आकड्यानेच द्यावं लागतं, एवढं कळलं.

माझं मत विचाराल तर असं आहे. सरसकट अस्तरीकरण नको आणि सरसकट विरोधही नको. जिथे भराव आहे, जिथे मुरमात पाणी पितं, जिथे खालची रानं चोपण झालीत, तिथे अस्तर आधी करा, आणि काळ्या मातीत करणार असाल तर खालच्या थरासकट करा. बाकी ठिकाणी आधी गाळ आणि गवत काढून कालव्याला त्याचं मूळ पोट परत द्या. ते सगळ्यात स्वस्त काम आहे आणि नेमकं तेच होत नाही, कारण त्याचं उद्घाटन करता येत नाही. 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना मोजून पाणी घ्यायचा हक्क दिलाय. मोजायचं मापटं इंग्लिस शंभर वर्षांपूर्वी देऊन गेलेत. ते भरून गेलं असेल तर आधी साफ करून घ्या.

1885 मध्ये सूत्र नव्हतं तरी आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातांनी खणलेला कालवा आजही वाहतोय. आपल्याकडे सूत्रं आहेत, यंत्रं आहेत, मोबाइलमध्ये हिशोब आहे. टेप घेऊन खाली उतरायला तेवढं कुणी नाही.

पुढच्या पाळीआधी आपापल्या चारीची खोली मोजा. तीन ठिकाणी तरी. आकडा मला पाठवा, गावाच्या नावासह. सगळे मिळून एकच तक्ता करू आणि एकत्रच देऊ.

तात्या म्हणालेत, काठी त्यांची वापरायची असेल तर घरी येऊन न्यावी. चहा मिळेल.